कार्यशाळा पुरे, आधी ड्युटी लिस्ट बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या बातम्या आपल्या जिल्हा पानांवर दोन-तीन दिवस येत होत्या. सगळ्यांचा साचा एकच. कुठल्यातरी रुग्णालयाचं किंवा कार्यालयाचं सभागृह, मागे फलक, दीपप्रज्वलन, बाहेरून आलेले तज्ज्ञ आणि शेवटी 'कर्मचाऱ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद'. मी सरकारी रुग्णालयातून परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख परिचारिका, म्हणून निवृत्त झाले. त्याआधी अधिपरिचारिका होते, म्हणजे लोक जिला नुसतं 'सिस्टर' म्हणतात ती. अशा सभागृहांत मी बसलेली आहे, त्यामुळे हा उत्स्फूर्त प्रतिसाद कसा गोळा करतात ते मला ठाऊक आहे. आदल्या दिवशी मेट्रन ऑफिसमधून, म्हणजे सगळ्या परिचारिकांच्या प्रमुखाच्या कार्यालयातून, वॉर्डावर फोन येतो, 'प्रत्येक वॉर्डातून दोघी पाठवा, सह्या घेणार आहेत.' सकाळपाळीच्या दोघी काढल्या तर वॉर्डात एकच उरते. मग नाइट करून निघालेल्या मुलीला थांबवतात. रात्रभर पायांवर असलेली ती मुलगी तिसऱ्या रांगेत बसून दीर्घ श्वास कसा घ्यायचा ते शिकते, आणि डोळे मिटा म्हटलं की खरोखरच झोपून जाते.

तज्ज्ञांशी माझं भांडण नाही. त्यांना व्याख्यानाला बोलावलेलं असतं, ते व्याख्यान देतात. पण 'कर्मचाऱ्यांचं मानसिक आरोग्य' हा विषय आपण वर्षातून एकदा सभागृहात नेऊन ठेवला आहे, आणि तो घडतो मात्र दुसरीकडेच. तो ड्युटी लिस्टमध्ये घडतो, पाळी बदलताना दिल्या-घेतल्या जाणाऱ्या ओव्हरमध्ये घडतो, मृत्यूनंतर येणाऱ्या कारणे दाखवा नोटिशीत घडतो. त्याबद्दल कुणी फलक लावत नाही.

माझी भाची नर्सिंग कॉलेजात शिकवते. तिने मला एक निबंध समजावून सांगितला. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या विल्यम फ्लेमिंग या संशोधकाने ब्रिटनमधल्या २३३ संस्थांमधल्या ४६ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांची माहिती तपासली आणि २०२४ मध्ये ती प्रसिद्ध केली. ताण हाताळण्याचं प्रशिक्षण, ध्यानाचे वर्ग, मोबाइलवरची ॲप, असं काही ना काही घेतलेले लोक आणि काहीच न घेतलेले लोक यांच्या मनःस्थितीत म्हणण्यासारखा फरक त्याला दिसला नाही. त्यातल्या त्यात ज्यांना समाजसेवेच्या कामात भाग घ्यायची संधी मिळाली ते थोडे बरे होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही सप्टेंबर २०२२ मध्ये कामाच्या जागेवरच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातही एकट्या माणसाला कणखर करण्यावर भिस्त ठेवलेली नाही. कामाची घडी बदला, वरिष्ठांना शिकवा, हे त्यात स्पष्ट आहे. छप्पर गळतंय आणि आपण आत बसलेल्यांना छत्री कशी धरायची ते शिकवतोय, असा हा प्रकार आहे.

आता एक प्रसंग सांगते. रुग्णालयाचं नाव सांगणार नाही, कारण तिथे अजून माझ्याबरोबरच्या मुली काम करतात, आणि हा प्रसंग महाराष्ट्रातल्या कुठल्याही रुग्णालयात घडू शकला असता. मेडिकल वॉर्डात नाइटला एक बंधपत्रित मुलगी होती, म्हणजे ठरावीक काळ सरकारी सेवा करायचं लिहून दिलेली, नुकतीच लागलेली. चाळीसच्या वर पेशंट, काही खाली गाद्यांवर. रात्री सर्पदंशाचा एक कॉलेजातला मुलगा आला, गावात मांत्रिकाकडे वेळ घालवून आणलेला. सापाच्या विषावरचं इंजेक्शन सुरू केलं, पुढे हलवायला १०८ ला फोन झाला, पण गाडी येण्याआधीच मुलगा गेला. डॉक्टर अपघात विभागात अडकलेले. नातेवाइकांना सांगायचं कुणी? तिनेच सांगितलं. त्यांनी ड्युटी रूमची काच फोडली. ती औषधांच्या खोलीत आतून कडी लावून उभी राहिली, आणि बाहेरच्या सलाईन संपत आल्या असतील या काळजीने पुन्हा बाहेरही आली. सकाळी ओव्हर दिली: 'बेड १७ डेथ, बॉडी दिली, काच फुटली आहे, इंडेंट (मागणीपत्र) टाकायचं.' घरी गेली. त्याच रात्री पुन्हा नाइट, कारण लिस्ट लागलेली होती. चार दिवसांनी तिला नोटीस आली: केसपेपरवरची वेळ आणि रजिस्टरमधली वेळ जुळत नाही, खुलासा सादर करावा.

या सगळ्यात 'तू कशी आहेस?' असं तिला कुणीही विचारलं नाही. आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाची गोष्ट ही, की त्यात कुणीही दुष्ट नव्हतं. लिस्ट लावणारीकडे बदली माणूस नव्हता. नोटीस काढणाऱ्या लिपिकाने फाइल पूर्ण केली. डॉक्टर दुसरा जीव वाचवत होते. प्रत्येकाने आपापलं काम नियमाने केलं, आणि ते सगळं मिळून त्या मुलीवर पडलं. तिने पुढे बंधपत्राची रक्कम भरली आणि नोकरी सोडली. एका खासगी दवाखान्यात ती आता रिसेप्शनला बसते असं कळलं.

असं का होतं, याचं उत्तर फार पूर्वी एका बाईने देऊन ठेवलं आहे. इझाबेल मेन्झीस या मनोविश्लेषक. लंडनमधल्या एका मोठ्या शिकाऊ रुग्णालयाने त्यांना आपल्या अडचणी बघायला बोलावलं होतं. त्यांचा अभ्यास १९६० चा आहे. तिथे शिकायला येणाऱ्या मुलींपैकी सुमारे एक तृतीयांश शिक्षण अर्धवट सोडून जात होत्या, आणि जाणाऱ्यांत चांगल्या मुलीही होत्या. मेन्झीसबाईंनी बारकाईने पाहिलं. रुग्णाला नावाऐवजी आजाराने किंवा खाटेच्या क्रमांकाने ओळखायचं. एका रुग्णाचं सगळं एकीने करायचं नाही, कामं तोडून वाटायची. साध्या निर्णयालाही दोन-तीनदा तपासणी. मुलींना एका वॉर्डात रुळू न देता सारखं हलवत राहायचं. हे सगळं कामाच्या सोयीसाठी आहे असं सगळ्यांना वाटत होतं. त्यांनी दाखवलं, की मरण, घाण, वेदना यांची रोज जी भीती वाटते, तिच्यापासून वाचायला आख्ख्या रुग्णालयाने नकळत ही पद्धत उभी केली आहे. आणि त्या पद्धतीने भीती कमी होत नाही. ती फक्त बोलायची बंद होते.

भाचीने हे सांगितलं तेव्हा मी आमच्या ओव्हरचं रजिस्टर डोळ्यांपुढे आणलं. 'बेड १७ डेथ.' 'पॉयझनिंगवाली शिफ्ट.' 'बर्न्सची ड्रेसिंग बाकी.' साठ वर्षांहून जुनं ते लंडन, आणि आपला वॉर्ड.

मग बदल कसा होतो? तोही मी पाहिला आहे. काही काळ आमच्याकडे एक अधिसेविका, म्हणजे मेट्रन, मॅडम होत्या. त्यांनी कुठलीही योजना आणली नाही, निधी मागितला नाही. दुपारी दोनला सकाळपाळी आणि दुपारपाळी दोन्ही हजर असतात, त्या वेळेतला अर्धा तास त्यांनी दर गुरुवारी बाजूला काढला. लिनन रूमच्या शेजारी विद्यार्थिनींच्या क्लासची खोली होती, तिथे बसायचं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातली सोशल वर्कर यायची आणि तीच बैठक चालवायची, मॅडम नव्हे. हे मॅडमनी मुद्दाम केलं होतं. जी बाई आपला गोपनीय अहवाल (सीआर) लिहिते तिच्यापुढे कुठलीही सिस्टर मन मोकळं करणार नाही. 'मला झोप लागत नाही' म्हणाल तर सीआरमध्ये 'कामाचा ताण सहन होत नाही' असा शेरा येईल, ही धास्ती खरी आहे. तिला नुसतं 'मनमोकळं बोला' म्हणून उत्तर मिळत नाही.

प्रश्न एकच असायचा: या आठवड्यात कोणता पेशंट घरी गेल्यावरही डोक्यातून गेला नाही? उपाय सांगायचा नाही, चूक काढायची नाही. पहिले काही गुरुवार मुली फक्त पाण्याच्या टाकीबद्दल आणि क्वार्टरच्या दुरुस्तीबद्दल बोलल्या. सोशल वर्करने ते बोलू दिलं. मग एकदा स्वच्छता करणाऱ्या मावशी म्हणाल्या, की लहान मुलाची बॉडी बांधायची वेळ आली की मी आधी घरी फोन करून नातवाचा आवाज ऐकते. खोलीतल्या आम्ही सगळ्या त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेल्या, आणि ही गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. त्या दिवसानंतर बैठक खरी सुरू झाली. एक निवासी डॉक्टर दारात मोबाइल बघत उभे राहायचे, आत यायचे नाहीत. नंतर तेही आत येऊन बसायला लागले. (या मुलांचे हाल आमच्याहून वेगळे आणि काही बाबतींत वाईट. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये निवासी डॉक्टरांचं काम आठवड्याला ७४ तासांच्या वर जाऊ नये अशी शिफारस केली. ७४! म्हणजे त्याच्याही वर जात होतं आणि जातं.)

पण नुसत्या बोलण्यावर थांबलं असतं तर मी आज हे पत्र लिहिलं नसतं. मॅडमनी त्याला एक वही जोडली होती. बैठकीतून निघालेली अडचण सोशल वर्कर त्या वहीत लिहायची. माणसाचं नाव नाही, वॉर्डाचं नाव नाही, फक्त अडचण. पुढच्या गुरुवारच्या आत मॅडमनी समोरच्या रकान्यात उत्तर लिहायचं: 'केलं', 'वर पाठवलं, जावक क्रमांक अमुक', किंवा 'होणार नाही, कारण…'. कोरा रकाना चालायचा नाही. तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण मुलींना सर्वात बरं वाटलं ते 'होणार नाही, कारण' या उत्तराने. निदान कुणीतरी वाचलं, विचार केला आणि खरं कारण सांगितलं.

त्या वहीतून काय निघालं? एकाही मुलीला योगाचा वर्ग नको होता. ड्युटी लिस्ट शनिवारी संध्याकाळी लागते आणि रविवारपासून लागू होते, त्यामुळे घरात कुणाचं काहीच ठरत नाही, हे निघालं. ती पंधरा दिवस आधी लागू लागली. त्याला एक पैसा लागला नाही, फक्त एका टेबलावरची सवय बदलावी लागली. मृत्यूची बातमी सिस्टरने एकटीने द्यायची नाही, डॉक्टर आणि सिस्टरने मिळून, वॉर्डाबाहेरच्या खोलीत, नातेवाइकांना बसवून द्यायची, असं ठरलं. त्याने आरडाओरडा बराच कमी झाला. रात्री वॉर्डात मृत्यू झाला तर शेजारच्या वॉर्डातली सिस्टर किंवा नाइट सुपरवायझर येऊन पंधरा मिनिटं वॉर्ड सांभाळील, तेवढ्यात त्या मुलीने तोंड धुवावं, चहा प्यावा, रजिस्टर शांतपणे लिहावं. नोटिशीतल्या वेळा का जुळत नव्हत्या, हेही त्या पंधरा मिनिटांतच कळलं असतं. आणि शेवटी नोटिशीबद्दल: मृत्यूशी संबंधित कुठलाही खुलासा लेखी मागण्याआधी त्या सिस्टरला बोलावून, बसवून, तिचं म्हणणं ऐकायचं. खुलासा टळला नाही. चौकशीही टळली नाही, टळूही नये. फक्त क्रम बदलला.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. रात्रीच्या सुरक्षारक्षकाची मागणी वर गेली ती वरच राहिली. रिक्त पदं तर गुरुवारच्या बैठकीने भरणारच नव्हती. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांत अतिदक्षता विभागात एका खाटेला एक परिचारिका आणि रजेसाठी वेगळी राखीव माणसं धरलेली आहेत. ते कागदावर वाचायला छान वाटतं. कंत्राटी मुली फारशा बोलल्या नाहीत, दर अकरा महिन्यांनी जिची नेमणूक नव्याने व्हायची आहे ती कशाला बोलेल? आणि मावशी आमच्यासमोर पूर्ण मोकळ्या कधीच झाल्या नाहीत. पुढे त्यांची बैठक वेगळी केली, तेव्हा त्यांच्या वहीत बऱ्याच तक्रारी आमच्याच वागण्याबद्दल निघाल्या. त्यांना आम्ही खुर्ची देत नाही, ही पहिली होती.

मग मॅडमची बदली झाली. नवीन मॅडम वाईट नव्हत्या, पण त्यांच्यापुढे हजार कामं, आणि गुरुवारचा अर्धा तास कुठल्याही आदेशात लिहिलेला नव्हता. आधी एक गुरुवार राहिला, मग दोन. वही कपाटात गेली. माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं: एका भल्या बाईच्या चांगुलपणावर उभी असलेली सोय तिच्या बदलीच्या आदेशाबरोबरच जाते. ती नियमात लिहावी लागते.

परदेशात ही गोष्ट व्यवस्थेत बसवलेली आहे. अमेरिकेत बॉस्टनमधल्या केनेथ श्वार्ट्झ या वकिलाला फुप्फुसाचा कर्करोग झाला. परिचारिकांनी आणि डॉक्टरांनी दाखवलेल्या आपुलकीने आपलं दुखणं सुसह्य झालं, असं त्याने लिहून ठेवलं, आणि १९९५ मध्ये तो गेला. त्याच्या नावाच्या केंद्राने रुग्णालयांत नियमित बैठका सुरू केल्या. डॉक्टर, परिचारिका, हमाल, लिपिक सगळे एकत्र बसतात आणि कामाने मनावर काय केलं ते बोलतात. ब्रिटनमध्ये त्या २००९ पासून आल्या. तिथे झालेल्या मोठ्या अभ्यासात नियमित येणाऱ्यांमध्ये मानसिक त्रासात असलेल्यांचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं, न येणाऱ्यांमध्ये जवळजवळ होतं तसंच राहिलं. आमच्या मॅडमना यातलं काही ठाऊक होतं असं मला वाटत नाही. त्यांना नुसतं दिसलं होतं.

आपल्याकडे हे नियमात बसवायची वाटही तयार आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये 'कायाकल्प' सुरू केलं. स्वच्छता आणि जंतुसंसर्ग रोखणं यांना गुण, तपासणी आणि बक्षीस. तेव्हा आम्हीही नाकं मुरडली होती. पण खरं सांगते, गुण मिळायला लागल्यावर जिन्याच्या कोपऱ्यातल्या पिचकाऱ्या गेल्या. वर्षानुवर्षं विनंती करून गेल्या नव्हत्या. मग तपासणीच्या तक्त्यात आणखी चार ओळी का घालू नयेत? ड्युटी लिस्ट किती दिवस आधी लागते. सलग किती नाइट लावल्या. वॉर्डातल्या मृत्यूनंतर सिस्टरला मोकळीक मिळाली का. बैठकीची वही आहे का आणि तिच्यातला उजवीकडचा रकाना भरलेला आहे का. तपासणीसाला पंधरा मिनिटं पुरतील.

'टेलि-मानस' आहे की, असं यावर कुणी म्हणेल. आहे, आणि चांगलं आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, १४४१६ हा क्रमांक, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. ज्याचा जीव घाबरा झाला आहे त्याने आज, आत्ता तो क्रमांक लावावा, आणि प्रत्येक ड्युटी रूममध्ये तो चिकटवलेला असावा. पण फोनवरचा समुपदेशक सलग लावलेल्या नाइट काढू शकत नाही. तो अधिकार मेट्रन ऑफिसचा आहे आणि तिथेच काम व्हायला हवं.

आणखी एक उत्तर मला नेहमी ऐकायला मिळायचं: 'सिस्टर, हा सेवेचा पेशा आहे, मन घट्ट करायला हवं.' मन घट्ट केलेल्या सिस्टर मी पुष्कळ पाहिल्या. त्या पेशंटच्या आईवर खेकसतात. तुम्हीही त्यांना भेटला असाल आणि घरी येऊन सरकारी रुग्णालयाला शिव्या दिल्या असतील. त्यामुळे हा प्रश्न फक्त आमचा आहे असं वाचकांनी समजू नये.

सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण, या दोन्ही खात्यांना माझी विनंती आहे. राज्यभर एकदम काही करू नका, ते फलकावरच राहील. दोन-तीन जिल्हा रुग्णालयं निवडा. दोनच्या ओव्हरला जोडून आठवड्यातून अर्धा तास लेखी आदेशाने ठरवा. बैठक चालवणारी व्यक्ती गोपनीय अहवाल लिहिणाऱ्यांच्या साखळीबाहेरची असू द्या. उत्तर देण्याची जबाबदारी अधिसेविकेवर आणि तिच्या वर सिव्हिल सर्जनवर नावानिशी टाका. वर्षभराने वही उघडून पाहा. माझ्या मॅडमच्या वहीतले रकाने कसे आखले होते ते मी आठवून एका कागदावर काढून ठेवलं आहे. कुठल्याही अधिसेविकेला किंवा संघटनेला हवं असेल तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहे, तो द्यायला माझी हरकत नाही.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, बार्शी
(नाव व पत्ता संपादकांकडे)